वाटीतले दहा स्क्रू

एकदा एक शिष्य आपल्या गुरूला चारचौघांत हसला, आणि गुरूने ते हसण्यावारी नेलं. निदान पाहणाऱ्यांना तसं वाटलं.

ही गोष्ट आश्रमातली नाही. कृष्णाकाठच्या एका गावात बसस्थानकामागच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथली आहे. गुरूला सगळे 'मास्तर' म्हणतात. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर आणि आता लॅपटॉप, अशी चाळीस वर्षं त्यांनी लोकांची बिघडलेली यंत्रं उघडली आणि मिटली. शिष्य पंचविशीचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, हाताने खरोखर कुशल. दोघांची नावं मी सांगणार नाही. ते दोघं अजून त्याच दुकानात समोरासमोर बसतात, आणि त्यांचं त्यांना पुरेसं सोसून झालं आहे.

मास्तरांचे नियम दोन होते. पहिला असा, की यंत्रातल्या सगळ्या मजकुराची दुसरीकडे प्रत झाल्याशिवाय त्याचं झाकण उघडायचं नाही. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो, नाहीतर कितीही मोठं असो. दुसरा नियम कॅलेंडरचा. टेबलावर ते सरलेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान अंथरत. काढलेला पहिला स्क्रू एक तारखेच्या चौकोनात, दुसरा दोन तारखेच्या, असं करत झाकण निघेपर्यंत जात. लावताना उलट्या क्रमाने परत येत. "स्क्रू बघून लावायचा नाही, तारीख बघून लावायचा," असं ते म्हणत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "लाव म्हटलं की लावायचं."

हा त्यांचा दोष होता, आणि तो मी आत्ताच सांगून ठेवतो. ज्ञानी माणसांना आपलं ज्ञान थोडं झाकून ठेवायला फार आवडतं. मी स्वतः व्याख्यानं देतो, त्यामुळे मला ही चव ठाऊक आहे. मास्तरांनी जर एकदा सांगितलं असतं, की बाबा रे, वरून सारखे दिसणारे हे स्क्रू लांबीला सारखे नसतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर खाली मदरबोर्ड असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते सांगायला लागणारी दोन वाक्यं त्यांनी राखून ठेवली होती.

शिष्याला हे दोन्ही नियम जाचक वाटत. तो शिकून आला होता, त्याने पुण्यात दोन वर्षं कामही केलं होतं. एके दिवशी एका वकिलांचा कारकून सकाळपासून खुर्चीत बसून होता, कारण प्रत पुरी व्हायची होती. तो वैतागून म्हणाला, "मास्तर, मुहूर्त काढताय का काय?"

त्यावर शिष्य म्हणाला, "साहेब, आमच्याकडं लॅपटॉप पंचांग बघूनच उघडतात. आज चतुर्थी आहे, चतुर्थीला स्क्रू काढत नाहीत."

दुकान हसलं. चहा घेऊन आलेला माणूस हसला. मास्तरही हसले. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत शिष्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास खैरमोडेबाई आल्या.

बाई गावाबाहेरच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांना बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. आपल्याला वाटतं मूल बोलायला आपोआप शिकतं. या मुलांचं तसं नसतं. मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, आवाज काढायचा, ती थरथर त्याला हाताने कळू द्यायची, मग त्याचाच हात त्याच्या गळ्यावर ठेवायचा. असं रोज, महिनोन्‌महिने. आणि मग एखाद्या दिवशी त्या थरथरीतून एक शब्द निघतो. ज्या दिवशी तो निघे, त्या दिवशी बाई तो कॅमेऱ्यात टिपून ठेवत. अकरा वर्षांत त्रेसष्ट मुलांचे पहिले शब्द त्यांच्याजवळ जमले होते. ते सगळे एका पातळ, पाटीएवढ्या लॅपटॉपमध्ये होते. बाई तो खांद्याच्या पिशवीत डब्याशेजारी घालून खेडोपाडी मुलांच्या घरी जात, म्हणून मुद्दाम हलका घेतलेला.

"जागा संपली हो," बाई म्हणाल्या. "परवा एक मुलगी पहिल्यांदा 'पाणी' म्हणाली. यानं 'पा' घेतला आणि बंद पडला. मेमरी वाढवून द्या. पण आतलं काही जाता कामा नये. दुसरीकडं कुठंच नाहीये हे."

"नेटवर नाही ठेवलं?" शिष्याने विचारलं.

"पालकांना शब्द दिलाय. मुलांचे चेहरे नेटवर जाणार नाहीत म्हणून. एक जुनी हार्डडिस्क होती, ती गेल्या वर्षी हातातून पडली. तेव्हापासून जीव टांगणीला आहे." मग त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या गुरुवारी मालन यायची आहे. राजवीरची आई."

राजवीर त्या त्रेसष्टांतला एक. नऊ वर्षांचा असताना तापाने गेला. त्याच्या आवाजाचं जगात जे काही उरलं होतं, ते त्या यंत्रातले अकरा सेकंद होते. मालन दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला दोन बस बदलून बाईंच्या घरी येई, चहा पिई, ते अकरा सेकंद तीनदा ऐके आणि परतीची बस पकडी. मोबाइलवर घेऊन जा, असं बाईंनी तिला सांगून पाहिलं होतं. ती नको म्हणाली होती. घरी ठेवलं तर मी दुसरं काही करणारच नाही, असं तिचं म्हणणं.

शिष्याने लॅपटॉप उलटा करून मॉडेल पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "बाई, तुमचं नशीब चांगलं आहे. यात मूळ स्टोरेज मदरबोर्डवरच पक्कं बसवलेलं असतं, ते निघतच नाही. पण शेजारी एक रिकामा खण दिलाय. नवीन त्यात बसवायचं. जुन्याला आपण हात लावणारच नाही."

"मग प्रत वगैरे नाही करावी लागणार?"

"ज्याला हात लावायचा नाही, त्याची प्रत कशाला? पाच तास जातील नुसते. तुमची बस कितीची?"

"साडेचारची."

"सव्वातीनला या. तयार असेल."

त्याचं बोलणं तर्काला धरून होतं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त आपण ज्याला हात लावत नाही, ते आपल्या हाताखालीच आहे, एवढं तो विसरला होता.

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. शेजारच्या टेबलावर मास्तर डोळ्याला भिंग लावून एका टीव्हीच्या दिव्यांच्या पट्टीवर काम करत होते. सगळं बोलणं त्यांच्यापासून तीन हातांवर झालं होतं.

"मास्तर, चालेल ना हो असं?"

मास्तरांनी भिंग काढलं नाही. म्हणाले, "त्याला विचारा. तो शिकलेला आहे."

बाईंना त्यात होकार ऐकू आला. शिष्याला टोमणा ऐकू आला, आणि त्याला बरंच वाटलं. म्हातारा दुखावला आहे, आता काम करून दाखवू, असं त्याच्या मनात आलं.

त्याने काम उत्तम केलं, हे सांगणं भाग आहे. आधी बॅटरीची जोडणी सोडवली. केसाएवढ्या पातळ तारांच्या पट्ट्यांना चिमटासुद्धा टेकू दिला नाही. नवीन स्टोरेज खणात नीट बसवलं, खटका लागल्याची खात्री केली, बॅटरी परत जोडली. एका गोष्टीपुरतं त्याने आपल्या मनाचं केलं. झाकणाचे दहा स्क्रू काढून त्याने कॅलेंडरच्या पानावर न ठेवता आपल्या डब्यातल्या चटणीच्या वाटीत टाकले. धुतलेल्या, स्वच्छ, स्टीलच्या वाटीत. दहांतले आठ आखूड होते, आणि बिजागरीजवळचे दोन लांब. फरक तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा.

झाकण लावताना त्याने वाटीत बोटं घातली आणि हाताला येईल तो स्क्रू उचलत गेला. पुढच्या डाव्या कोपऱ्यातला स्क्रू शेवटी जरा जड गेला. त्याने मनगटावर जोर दिला. एक बारीक 'कच्' झालं आणि स्क्रू बसला. घट्ट बसला म्हणून तो खूश झाला. मग त्याने बटण दाबलं. दिवा लागला, पडदा एकदा उजळला आणि विझला. थोड्या वेळाने जळका वास आला, उदबत्तीच्या टोकाएवढाच, पण या धंद्यातल्या माणसाला तेवढा पुरतो.

त्याने झाकण परत उघडलं. लांब स्क्रूचं टोक मदरबोर्डात घुसलं होतं. वीज सुरू होताच तिथे शॉर्टसर्किट झालं होतं, आणि अंगठ्याच्या नखाएवढी मूळ स्टोरेजची ती काळी चीप, जिला हात लावायचाच नव्हता, ती मधोमध तडकली होती.

सव्वातीनला बाई आल्या. पिशवी खांद्यावर होती, पुढचा कप्पा लॅपटॉपसाठी मोकळा करून ठेवला होता. शिष्य उभा राहिला. तेवढ्यात मास्तर आपल्या टेबलावरून उठले, दोघांच्या मधे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हे माझ्या हातून झालं."

त्यांनी काय झालं ते सांगितलं, सरळ शब्दांत, एकही शब्द मऊ न करता.

"म्हणजे किती गेलं?" बाईंनी विचारलं.

"सगळं."

"राजवीर?"

मास्तरांनी मान हलवली.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शिष्य मला पुढे म्हणाला. त्यांनी पिशवीचा तो मोकळा कप्पा चेन ओढून बंद केला आणि त्या बसला गेल्या. मास्तरांनी तो बोर्ड पुण्याला एका जाणकाराकडे पाठवला. चौथ्या दिवशी तो परत आला. चीप आतून जळली आहे, काही निघणार नाही, असा त्या जाणकाराचा निरोप होता.

त्या दिवशी शिष्य मास्तरांच्या पायांवर कोसळला. माझ्यामुळे झालं आणि तुम्ही ते स्वतःवर घेतलंत, असं म्हणत तो लहान मुलासारखा रडत होता. मास्तरांनी पाय झटकन मागे ओढले. विस्तवावरून ओढावेत तसे.

आता एक कबुली देतो. ही ऐकीव गोष्ट मी पहिल्यांदा एका महाविद्यालयात सांगितली, ती मास्तरांच्या 'हे माझ्या हातून झालं' या वाक्यावर संपवून. गुरू कसा असावा, तर शिष्याचा अपराध आपल्या शिरावर घेणारा. टाळ्या कडाडल्या. प्राचार्यांनी शाल दिली. मी खाली उतरलो तेव्हा मंडपाच्या खांबापाशी एक तरुण उभा होता. तो म्हणाला, "सर, गोष्ट अर्धी सांगितलीत. मीच तो." मग त्याने मला उरलेली सांगितली. त्या दिवसापासून गोष्टींतले मोठ्या मनाचे गुरू दिसले की माझं डोकं भणभणतं.

उरलेली गोष्ट अशी.

पाय मागे ओढून मास्तर म्हणाले, "पाया पडू नकोस. मी तुझा दोष अंगावर घेतला असं तुला वाटतंय. तसलं काही झालेलं नाही. मी माझाच सांगितला. तुझा अजून तुझ्याकडंच आहे, तो तू सांभाळ."

शिष्याला काही कळेना. "पण स्क्रू तर मी लावला, मास्तर."

"तुझ्या बोटांत लांब स्क्रू होता, तो मला दिसला. कोपऱ्यातल्या भोकावर तू टेकवलास, तेव्हाच दिसला. चाळीस वर्षं तेच बघत आलोय, मला दिसणार नाही होय? तोंडात शब्द आला होता. 'थांब', एवढाच. तो मी गिळला."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मास्तर खुर्चीत बसले. पुढचं बोलणं त्यांनी हातांकडे पाहत केलं.

"म्हटलं, लावू दे. बसणार नाही, डोकं वर राहील. मग हा उठून माझ्याकडं येईल, मास्तर, बसत नाही म्हणेल. मग मी काही न बोलता कॅलेंडरचं पान पुढं सारीन. सगळं मनात रंगवून ठेवलं होतं बघ मी. आदल्या दिवशी तू लोकांसमोर हसलास, त्याचं उत्तर मला द्यायचं होतं. तुझी मान खाली गेलेली बघायची होती. तू जोर लावशील, हे काही ध्यानात आलं नाही."

"तुम्ही मला शिकवत होता," शिष्य म्हणाला. त्याला अजून गुरूला वाचवायचं होतं.

"शिकवत नव्हतो. उट्टं काढत होतो. त्याला शिकवणं म्हणायचं, हे आमच्या पिढीला कुणीतरी सांगून ठेवलंय. माझ्या उस्तादांनी मला तसंच शिकवलं. मी चुकायचो, ते बघत बसायचे, मग हसायचे. पण तेव्हा रेडिओ होते. त्या खोक्यात हात जाईल एवढी मोकळी जागा. स्क्रू लांब पडला तर आत नुसता लोंबायचा. शिष्य चुकायचा, उस्ताद हसायचा, आणि रेडिओ वाजत राहायचा. कुणाचं काही जायचं नाही. आता यंत्र एवढं पातळ केलंय, की झाकण आणि बोर्ड यांच्यात बोटाचं नख मावत नाही. चुकून शिकायला आत जागाच ठेवली नाही कुणी. मला हे ठाऊक होतं. यंत्राबद्दल ठाऊक होतं. माझ्याबद्दल ध्यानात आलं नाही."

मग ते म्हणाले, "बाईंनी मला विचारलं होतं. दारातून परत वळून विचारलं. आणि मी काय म्हटलं? त्याला विचारा. तुझ्या-माझ्या भांडणात ती बाई मधे उभी होती, खांद्यावर पिशवी घेऊन. तिच्याकडं आपण दोघांनीही बघितलं नाही."

बुधवारी संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या मालन येणार आहे. मला सांगवणार नाही. तुम्ही या."

दोघंही गेले. मालन ओट्यावर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत बाईंसाठी आणलेल्या शेवग्याच्या शेंगा. चाळिशीची, उन्हात काम करून रापलेली बाई. तिला वाटलं ही बाईंची पाहुणेमंडळी आहेत, म्हणून तिने पदर सावरला आणि जागा करून दिली. मास्तर बसले नाहीत.

"मालनताई, बाईंचं मशीन आमच्या दुकानात दुरुस्तीला होतं. आमच्या चुकीनं ते जळलं. राजवीरचं रेकॉर्डिंग त्यात होतं. ते गेलं."

"मंग दुसऱ्या मशिनीवर लावा की," मालन म्हणाली. "मला काय, कुठलं बी चालतंय."

"दुसऱ्या मशीनवर लागणार नाही, ताई. ते आता कुठंच नाही."

ती बाईंकडे पाहत राहिली. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बाईंच्या चेहऱ्यावरून तिला ते खरं असल्याचं कळलं असावं. शिष्याने काहीतरी बोलायचं म्हणून हात जोडले आणि म्हणाला, "मी लावला स्क्रू. मास्तरांनी नाही. मी."

"मी बघितलं आणि बोललो नाही," मास्तर म्हणाले.

तिला या दोघांच्या दोषाच्या वाटणीशी काय देणंघेणं! ती कितीतरी वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग तिने आपला उजवा हात गळ्यावर ठेवला, बाई मुलांना शिकवतात तसा, आणि घशातून एक आवाज काढला. "आ... हई." तो 'आई' नव्हता. ज्याने 'आई' कधी ऐकलंच नाही, त्याने गळ्याला हात लावून शोधून काढलेलं काहीतरी होतं. तिने ते पुन्हा एकदा म्हटलं. मग बाईंना विचारलं, "आसंच हुतं न्हवं का, बाई?"

"हो," बाई म्हणाल्या. "अगदी असंच."

मालनने मान डोलावली. शेंगा काढून ओट्यावर ठेवल्या. चहा नको म्हणाली. बसला अजून तास होता, तरी उठली.

ती वळणाआड गेल्यावर बाई फाटकाशी आल्या. दोघांपैकी कुणाकडेच न पाहता म्हणाल्या, "तसं नव्हतं ते. शेवटी तो थोडा हसायचा. आवाज संपल्यावर, श्वासातल्या श्वासात. आपल्याला जमलं म्हणून. ते ती विसरली." मग म्हणाल्या, "मला अजून आठवतंय. पुढच्या वर्षी माझंही जाईल." आणि फाटक लावून घेतलं.

गोष्टीत यानंतर काही चांगलं घडायला हवं, अशी वाचकांची अपेक्षा असते. बाई शाळेत रोज जातात, आणि दुकानातून मिळालेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर त्यांनी चौसष्टावं मूल टिपलं आहे, एवढंच सांगता येईल. आधीच्या त्रेसष्टांपैकी बरीच मुलं आता मोठी झाली. त्यांतली काही बाईंना भेटायला येतात आणि भरभर बोलतात. पहिला शब्द एकदाच होतो, तो पुन्हा म्हणून दाखवता येत नाही.

दुकानाचं म्हणाल तर पुढच्या सोमवारी तिथे गर्दी होती. तो वकिलांचा कारकूनही आला होता. मास्तर एका लॅपटॉपचं झाकण बसवत होते. समोर कॅलेंडरचं पान होतं. त्यांचं वय झालं आहे, दुपारी त्यांचं लक्ष थोडं ढळतं. त्यांनी सहा तारखेच्या चौकोनातला स्क्रू उचलला आणि सातव्या भोकाकडे नेला.

"मास्तर, थांबा!" शिष्य आपल्या टेबलावरून ओरडला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तो सहाचा आहे."

कारकुनाने भुवया वर केल्या. गिऱ्हाइकांसमोर गुरूला असं बोलतात का, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं होतं. मास्तरांचे कान लाल झाले. स्क्रू धरलेला हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला.

मग त्यांनी स्क्रू परत सहाच्या चौकोनात ठेवला, सातचा उचलला आणि म्हणाले, "बरं झालं बोललास."

शिष्याने मान खाली घातली आणि तो आपल्या कामाला लागला.

तुमच्या हाताखाली कुणी शिकत असेल आणि त्याची चूक तुम्हाला दिसली, तर आधी ओरडा. शिकवायचं ते मागाहून शिकवा.